पाण्याच्या कॅनात डिझेल

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. वारा तुमच्याच बाजूला आहे. नाक धरलंत तरी मला राग येणार नाही. मला स्वतःलाच माझा वास सहन होत नाही, तिथे तुम्हाला काय म्हणून दोष देऊ? शी! मी आहे पत्र्याचा एक म्हातारा कॅन. माझं आयुष्य पिण्याचं पाणी वाहण्यात गेलं. निव्वळ पाणी, दुसरं काही नाही. कुणी कौतुकाने सरबत भरायला आणलं तरी मी मनातल्या मनात नाक मुरडत असे. आणि आज माझ्या आतून हा असा भपकारा येतो! तो कसा आला आणि कुणामुळे आला, तेच तुम्हाला सांगणार आहे.

माझ्या जन्माबद्दल फार कौतुकाने सांगावं असं काही नाही. गंज न धरणाऱ्या पत्र्याचे दोन तुकडे यंत्राखाली दाबले, एकमेकांना जोडले आणि झालो मी तयार. त्या पत्र्याला यंत्राचं तेल लागलं होतं. इतकं बुळबुळीत, की आठवलं तरी अजून कसंसं होतं. मग सोडा घातलेल्या कढत पाण्याने मला आतून धुतलं, तोंडाशी रबरी वायसर बसवला आणि झाकण लावलं. शेजारच्या फळीवर डिझेलचे कॅन उभे होते. त्यांचं तोंड बारीक, आमचं रुंद. पाण्याच्या कॅनात हात घालून आतून घासता यावं म्हणून ते रुंद ठेवतात. तिथला फोरमन रोज एकदा तरी ओरडायचा, "पाण्याचे इकडे, डिझेलचे तिकडे! मिसळलेत तर बघा!" मला ते फार आवडायचं. कुणीतरी आपल्या स्वच्छतेची इतकी काळजी करतंय म्हटल्यावर कुणाला आवडणार नाही?

पहिली कितीतरी वर्षं मी वाळवंटात काढली. रस्ते आखणाऱ्या एका तुकडीच्या गाडीवर मी होतो आणि त्या गाडीचा ड्रायव्हर होता ताईचे बाबा. ताई कोण ते सांगतो पुढे. हे बाबा म्हणजे भारी शिस्तीचा माणूस. पाणी भरण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे. माझ्या तोंडाला कुणी ओठ लावलेले त्यांना खपत नसत, आणि खरं सांगायचं तर मलाही खपत नसे. त्या तुकडीत एकेकाची तोंडं काय होती म्हणून सांगू! तंबाखूने काळी पडलेली, दातांत कालचं जेवण अडकलेलं. पण बाबा पाण्याला पहारा द्यायचे. दुपारच्या उन्हात माझ्यातलं पाणी पिऊन माणसं "वा!" म्हणायची आणि बाबा मला पाठीवर थोपटायचे.

एकदा काय झालं, बरोबरच्या दुसऱ्या गाडीतला एक कॅन वाळवंटाच्या ऐन मध्यावर उघडला, आणि पाण्याबरोबर मेलेली पाल बाहेर आली. फुगलेली, पांढरी पडलेली. त्या गाडीतल्या माणसांनी सकाळपासून तेच पाणी प्यायलं होतं. पुढचं मी सांगत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. तेव्हापासून बाबांनी एक रीत घातली. निघण्याआधी गाडीसमोर सगळ्यांनी उभं राहायचं आणि प्रत्येक कॅनातलं थोडं थोडं पाणी प्रत्येकाने प्यायचं. ज्याने कॅन भरला, त्याने सगळ्यात आधी. सगळे "ठीक आहे" म्हणेपर्यंत गाडी हलायची नाही. पुढे ताईनेही ही रीत सोडली नाही.

बाबा गेले, तुकडी मोडली आणि मी ताईच्या घरामागच्या शेडमध्ये येऊन पडलो. तिथली वर्षं आठवू नयेत अशीच आहेत. कुणीतरी माझ्यावर ओलं पोतं टाकलं, ते तिथेच कुजलं. झाकण अर्धवट उघडं होतं, त्यातून झुरळं आत शिरली आणि त्यांनी चक्क संसार मांडला. पोरंबाळं झाली त्यांना! रात्रंदिवस माझ्या पोटात त्यांची खुसखुस चालायची. एक बोका माझ्या बाजूला येऊन उभा राहायचा आणि काय करायचा ते तुम्हाला कळलंच असेल. मी पाण्याचा कॅन आहे हे जग विसरलं, पण मी विसरलो नव्हतो.

आता ताईबद्दल. ताई बाबांसारखीच पक्की ड्रायव्हर. तिचा नवरा मोटारी दुरुस्त करतो. सगळे त्याला मेस्त्री म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांची मुलगी ठमी, शाळेत जाणारी, बारीक चणीची आणि भारी नखरेल. दुधावर साय दिसली तरी ओकारी काढणार. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. आमचे विचार जुळतात. आणि चौथा ताईचा धाकटा भाऊ, ठमीचा मामा. दिसायला हसरा, बोलायला गोड, पण हातात घेतलेलं एक काम धड पुरं करील तर शपथ! नळ उघडला की उघडाच, पाना घेतला की हरवलाच.

वाळवंटापलीकडे एक खाणीचं गाव आहे. तिथल्या दवाखान्यात ताईला रुग्णवाहिका चालवायची नोकरी मिळाली. मेस्त्रीने ठरवलं, की आपणही तिथेच गॅरेज टाकू. सगळं बिऱ्हाड आणि अवजारं घरच्याच जुन्या जीपमधून न्यायचं ठरलं. चारही चाकं जोर लावतात अशी जीप ती, बाबांच्याच वेळची. मामाच्या हाताला काम नव्हतं. तोही मागे लागला, "ताई, मला ने ना. खाणीत माणसं घेतात म्हणे. शिवाय तू थकलीस की मी चालवीन."

ताई म्हणाली, "नेईन. पण ऐक. मधल्या टप्प्यात ना विहीर आहे, ना वस्ती. चार कॅन पाणी एवढाच आपला जीव. तिथे तुझा धांदरटपणा चालायचा नाही. तयारीत एक जरी घोटाळा केलास, तर तू इथेच राहशील. सख्खा भाऊ म्हणून सोडणार नाही."

"नाही गं करणार," मामा म्हणाला. माझ्या कानावर ते पडलं आणि मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण तेव्हा मी झुरळांच्या धाकात होतो.

मग जीपची साफसफाई सुरू झाली. बाई गं! बाहेरून ती जीप म्हातारी पण नीटनेटकी दिसायची. आतून म्हणजे उकिरडा होता. मेस्त्रीने बाक उचलला, तर खाली केळ्याची सालं वाळून चामडं झालेली, एक मोजा आणि त्या मोज्यात उंदराचं घर. एअर फिल्टर उघडला, तर त्यात पिसं, केस आणि लेंड्या. "यातून ही बिचारी श्वास घेत होती?" मेस्त्री म्हणाला. जुनं ग्रीस चाकाच्या आत काळ्या चिखलासारखं जमलं होतं. ते तो बोटांनी खरवडून काढायचा आणि त्याच बोटांनी पाव खायचा. मी डोळे मिटून घेतले असते, पण कॅनाला डोळे मिटता येत नाहीत.

एक मात्र कबूल करतो, काम त्याने चोख केलं. खाली बसलेले स्प्रिंगचे पाटे काढून त्यांना नवी पानं जोडली, कारण बिऱ्हाडाचं ओझं होतं. रेडिएटर उलटा करून धुतला, तेव्हा त्यातून गंजाचं लाल पाणी आलं. फॅनबेल्ट नवा घातला आणि जुना जपून ठेवला, वाटेत लागला तर. वाळूत जॅक रुतून बसतो, म्हणून त्याच्याखाली ठेवायला लाकडी फळी कापली. चाकं फसली तर खाली घालायला भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, फावडं, दोर, हवा भरायचा पंप असं सगळं जागेवर बांधलं. जड सामान खाली, हलकं वर. मामाने गाद्यांच्या वर टपावर लोखंडी पेटी चढवली होती, ती ताईने खाली घ्यायला लावली. "डोकं जड झालं की गाडी उताराला लवंडते," ती म्हणाली. मामा म्हणाला, "हा घोटाळ्यात धरायचा नाही हं!" आणि सगळे हसले.

माझ्यासाठी सोन्याचा दिवस उजाडला तो ताईने मला शेडमधून बाहेर काढलं तेव्हा. तिने मला उलटं केलं आणि झुरळांचं खानदान उन्हात पळालं. ठमी किंचाळली, मीही किंचाळलोच असतो. ताईने माझ्या पोटात हात घालून घासलं. वाळू, मग सोडा, मग कढत पाणी, मग पुन्हा तेच. नवा वायसर बसवला. दिवसभर उन्हात उपडं ठेवलं. संध्याकाळी तिने आत नाक घालून वास घेतला आणि म्हणाली, "आता कसा! वासच नाही." मित्रांनो, माझ्यासारख्याला यापेक्षा मोठं कौतुक नाही. मग निळ्या रंगाने माझ्या पोटावर ठळक अक्षरांत 'पाणी' लिहिलं. शेडमधल्या धुळीने ताईला मात्र सर्दी झाली. नाक लालभडक, आवाज घोगरा. पण मी इतका खुशीत होतो की तिकडे लक्षच दिलं नाही.

त्यानंतरच्याच एका दुपारची गोष्ट. मेस्त्रीला जीपची डिझेलची टाकी आतून साफ करायची होती. जुन्या टाकीच्या तळाला गाळ बसतो आणि वाळवंटात गाडी आदळली की तो वर येऊन नळीत अडकतो. त्याने मामाला सांगितलं, "मेव्हणे, खालचा बूच काढा आणि येईल ते त्या पिंपात घ्या. मी पलीकडच्या दुकानातून नळी आणतो."

मामाने आधी बूच काढला आणि मग पिंप बघितलं. असाच आहे तो! पिंप शेडच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि त्यावर पोती रचलेली होती. इकडे टाकीतून धार लागलेली. त्याने एका बोटाने भोक दाबलं, इकडे तिकडे पाहिलं आणि हाताला लागला तो मी. पोटावर हातभर अक्षरांत 'पाणी' लिहिलेलं! त्याने ते वाचलं. वाचलं, मी बघितलं ना! आणि म्हणाला, "दोनच मिनिटं हं, लगेच ओततो."

मग ते आलं. काळपट, चिकट, खाली बसलेला वर्षानुवर्षांचा गाळ घेऊन. ते माझ्या घासलेल्या, उन्हात वाळवलेल्या पोटात गळ गळ उतरलं आणि कोपऱ्याकोपऱ्यात पसरलं. सांध्यांत शिरलं, वायसरखाली शिरलं. झुरळं परवडली हो! झुरळं निदान बाहेर काढता येतात.

तेवढ्यात मामाचा फोन वाजला. कुणी मित्र होता, निरोप घ्यायला फोन केलेला. हा बोलत बोलत फाटकापर्यंत गेला, तिथून कोपऱ्यावर गेला, आणि मी तिथेच. मेस्त्री आला, त्याने रिकामी टाकी बघितली, "वा मेव्हणे!" म्हणाला आणि पुढच्या कामाला लागला. मी रात्रभर डिझेल पोटात घेऊन उभा होतो. नव्या रबराने ते किती प्यायलं असेल, तुम्हीच विचार करा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामाला आठवलं. तो धावत आला, मला उचललं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हाच ताईकडे जाऊन सांगितलं असतं तर? पण नाही. त्याच्या डोळ्यांसमोर जीपमधली ती जागा असणार. त्याने डिझेल पिंपात ओतलं आणि मला घेऊन न्हाणीघरात शिरला, कडी लावून.

तिथे माझे जे हाल झाले ते कुणाचे होऊ नयेत. आधी भांड्यांचा साबण. मग कपड्यांचा साबण. मग ताईचा शाम्पू, गुलाबाच्या वासाचा. मग चहाची उरलेली पूड. शेवटी त्याने काय घातलं असेल? टूथपेस्ट! अख्खी नळी पिळली आणि ब्रशने फेस काढला. सगळं झाल्यावर त्याने नाक आत घातलं. डिझेल, गुलाब आणि पेपरमिंट, असा एकत्र भपका आला आणि तो पाठीमागे सरकला. "जाईल," तो स्वतःशी म्हणाला, "उन्हात जाईल." पण उन्हात ठेवलं तर कुणी विचारलं असतं. म्हणून त्याने तसंच पाणी भरलं, झाकण ताकद लावून आवळलं आणि मला बाकीच्या तीन कॅनांच्या ओळीत नेऊन उभं केलं.

मी त्या ओळीत उभा होतो आणि मला लाज वाटत होती. बाकीच्या तिघांत स्वच्छ पाणी होतं. माझ्यात वर एक पातळ तवंग तरंगत होता. निघायला अजून काही दिवस होते आणि दररोज वायसरमधून डिझेल थोडं थोडं पाण्यात उतरत होतं. ताई येता-जाता आमच्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, "चारही भरलेत. आता काळजी नाही." मामा तेवढ्यात दुसरीकडे बघायचा. मला बोलता येत असतं तर मी असा ओरडलो असतो, की गल्ली जमा झाली असती. वाळवंटाच्या मध्यावर उघडलं आणि कळलं, तर चौथा हिस्सा पाणी गेलं. आणि कळलंच नाही, तर त्याहून वाईट. आणि ती बारीक ठमी हे पाणी पिणार होती!

माझा सगळा भरवसा बाबांच्या रितीवर होता. निघण्याआधी सगळे पिणार आहेत, तेव्हा कळेलच, असं मी स्वतःला समजावत होतो.

निघायची सकाळ झाली. जीप भरून उभी होती. टपावर गाद्या, मागे अवजारं, घराला कुलूप. ताईने चार कॅन जीपसमोर मांडले आणि पितळेचा पेला आणला. तिचं नाक अजून चोंदलेलंच होतं. पहिले तीन कॅन झाले. सगळे "ठीक आहे" म्हणाले. मग माझी पाळी आली.

"हा कुणी भरला?" ताईने विचारलं.

"मी," मामा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"मग पी तू आधी."

पेल्यात पाणी पडलं. तवंगावर उन्हाचे रंग चमकले, पण बघतो कोण? मामाने पेला तोंडाला लावला. मी म्हटलं, आता थुंकेल आणि सुटेन मी. पण त्या पठ्ठ्याने गिळलं! गिळलं आणि वर म्हणतो कसा, "गोड आहे." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मानेवरची शीर ताठ झाली होती. इतकी किळस मला त्या डिझेलचीही आली नव्हती.

मग ताई प्यायली. मी आशेने बघत होतो. याच ताईने माझा वास घेऊन मला पास केलं होतं ना! पण चोंदलेल्या नाकाला काय कळणार? ती म्हणाली, "मला तर आज काढासुद्धा पाण्यासारखा लागतोय. ठीक आहे वाटतं. तुम्ही बघा हो."

मेस्त्रीने पेला घेतला, चूळ भरल्यासारखं पाणी तोंडात फिरवलं आणि म्हणाला, "थोडा डिझेलचा वास येतोय."

मी आनंदाने उडीच मारणार होतो.

"अहो, तुम्हाला कशाला येत नाही डिझेलचा वास?" ताई म्हणाली. "काल आमटीलाही येत होता. आधी हात बघा स्वतःचे."

मेस्त्रीने हात नाकाशी नेले. नखांपर्यंत काळे होते. "तेही खरंच," तो म्हणाला आणि हसून पेला ठमीच्या हातात दिला. झालं! एकजण खोटं बोलला, एकीचं नाक बंद, आणि एकाचं नाक जन्मभराच्या डिझेलने मेलेलं. बाबांची रीत चांगली होती, पण माणसं अशी असल्यावर रीत तरी काय करणार?

ठमीने पेला तोंडाजवळ नेला आणि लगेच लांब धरला. "शी! याला घाण वास येतोय."

"नखरे नकोत," ताई म्हणाली.

"खरंच येतोय, आई. पेट्रोलपंपासारखा. मी नाही पिणार."

"ठमे, हे बघ. तिथे साय, साल, वास असले लाड चालणार नाहीत. आम्ही तिघं प्यायलो ना? मामा प्यायला ना? तुझ्या एकटीसाठी वेगळं पाणी कुठून आणू? तिथे पाणी टाकायला लागलीस तर आजारी पडशील. आत्ताच सवय कर. सगळं पी."

"मामा, तू सांग ना आईला," ठमी म्हणाली. "तू प्यायलास ना. तुला नाही आला वास?"

मामा जीपच्या चाकाकडे बघत होता. ठमीने डोळे मिटले, नाक दाबलं आणि एक घोट घेतला. तिला उमासा आला, तिने पोट धरलं. ताई घोगऱ्या आवाजात पुन्हा म्हणाली, "पुरं कर," आणि ठमीने रडत रडत पेला परत तोंडाला लावला.

तेव्हा मामाने झडप घालून पेला हिसकावला. पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं.

"ताई, ओरडू नकोस तिला. ती खरं बोलतेय. मी त्यात टाकीतलं डिझेल ओतलं होतं. मग धुतलं, पण गेलं नाही. मला माहीत होतं."

ठमी बाजूला जाऊन ओकली. ताईने आधी तिची पाठ चोळली, तिला दुसऱ्या कॅनातल्या पाण्याने चूळ भरायला लावली. मग ती उठून भावासमोर आली. मला वाटलं, आता हिचा हात उठणार. उठायलाच हवा होता, असं माझं मत आहे.

"माहीत होतं, आणि माझ्या लेकीला प्यायला लावलंस?" ती म्हणाली.

"तू मला ठेवून जाशील असं वाटलं."

"आणि वाळवंटात कळलं असतं तर? तिथे कुणाला ठेवून आले असते मी? सांग ना!"

मामा खाली बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. रडता रडता त्याला ढेकर आला, डिझेलचा. एरवी मी हसलो असतो. ताईने मला उचलून रस्त्याच्या कडेला उपडं केलं. माझ्यातलं सगळं पाणी धुळीत गेलं आणि त्यावर निळे-जांभळे रंग पसरले. शेजारचं कुत्रं हुंगायला आलं आणि तोंड फिरवून गेलं. कुत्र्याने! मित्रांनो, तेवढं बघायचं राहिलं होतं.

मेस्त्रीने माझा वायसर काढून दाबला. बोटाला तेलकट लागलं. "मेव्हणे, त्याच दिवशी बोलला असता तर वायसर बदलून, उकळून हा वाचवला असता मी," तो म्हणाला. "इतके दिवस बंद ठेवलात. आता सांध्यांत मुरलं ते. याच्यात परत पाणी भरायचं नाही."

डिझेलने मी अर्धा मेलो होतो. उरलेला अर्धा मामाच्या गप्प बसण्याने मेलो, ते त्या क्षणी मला कळलं.

ताई पायरीवर बसली आणि नाक पुसत भावाला म्हणाली, "बाजारात जा आणि नवा कॅन घेऊन ये. धुऊन, भरून, इथे आणून ठेव. मग पुन्हा पहिल्यापासून सगळे पिऊ. आज निघणं होत नाही, उद्या निघू."

"म्हणजे मी येऊ?" मामाने विचारलं.

"चाक फिरायच्या आधी बोललास म्हणून येतोयस. आणि ठमीची माफी मागायचीस. मी सांगितलं म्हणून नको मागूस, तुला वाटेल तेव्हा माग."

ती त्याने लगेच मागितली. ठमी फुरंगटून बसली होती. "तू घाणेरडा आहेस," ती म्हणाली. "हो," तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत ती त्याच्या खांद्यावर बसून गाद्या मोजत होती.

आणि मी? माझ्याकडे ताई रंगाचा डबा घेऊन आली. तिने मला एकदा सगळीकडून न्याहाळलं. "बाबांचा कॅन होता रे हा," ती म्हणाली. मग तिने 'पाणी' खरवडून काढलं आणि तिथे काळ्या रंगाने 'डिझेल' लिहिलं. अक्षरं मात्र नीट काढली तिने. दुसऱ्या दिवशी मला जीपच्या मागे बाहेरून बांधलं आणि काठोकाठ डिझेल भरलं. माझी जागा प्लॅस्टिकच्या एका कोऱ्या कॅनाने घेतली. त्यालाही वास होताच म्हणा, नव्या प्लॅस्टिकचा, पण त्याला चालवून घेतलं.

वाळवंट आम्ही सुखरूप पार केलं. मामाने गाडी चांगली चालवली, खोटं कशाला सांगू? वाळूत फसलो तेव्हा सगळ्यात आधी फावडं त्यानेच उचललं. पाणी पुरलं, कुणी आजारी पडलं नाही. आता खाणीच्या गावात मेस्त्रीच्या गॅरेजमध्ये मी असतो. टाक्यांमधला गाळ माझ्यात ओततात. रोज कुणाच्या ना कुणाच्या टाकीची घाण माझ्या पोटात येते. दुपारी जेवायच्या आधी मामा खाणीतून येतो, नळावर साबणाने कोपरापर्यंत हात धुतो आणि ठमी त्याच्या ताटात आपल्या ताटातली भाजी ढकलते. त्याचं सगळं धुऊन निघालं. तो बोलला, म्हणून त्याला माफी मिळाली. मी काही केलंच नव्हतं, मग मला माफी कशाची मिळणार?

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, पिण्याच्या पाण्याचं भांडं पाण्यालाच ठेवा, दोन मिनिटांसाठीसुद्धा दुसरं काही ओतू नका. आणि चुकून ओतलंत, तर धावत जा आणि त्याच घटकेला सांगा. मार बसू दे, जागा जाऊ दे, तरी सांगा. काल ठमी खेळून तहानलेली आली आणि चुकून माझ्यापाशी थांबली. पेला हातात होता. मग तिने माझ्यावरची अक्षरं वाचली आणि दुसरीकडे गेली.